तळावरची तारीख

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास अमेय चौसाळकरने बाटली उलटी केली, तेव्हा तिच्या तळावर तारीख आधीच कोरलेली होती.

तारीख दोन दिवाळ्यांपूर्वीची होती. शेजारी बारीक 'अ'. अक्षर त्याचं स्वतःचं होतं. आणि ही बाटली त्यानं आजच सकाळी, तिघांच्या देखत, सील फोडून उघडली होती.

अमेय वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी सांभाळतो. तिथं पास झालेल्या प्रत्येक भागावर कोरणीच्या पेननं खूण करतात. पेन विजेवर चालतं, त्याचं टोक थरथरतं आणि नखाएवढ्या जागेत अक्षर उमटवतं. लोखंड असो की काच. असलं एक पेन त्यानं घरासाठीही घेतलं होतं. व्हिस्कीची बाटली एकदा उघडली की आत हवा शिरते आणि बाटली अर्ध्यावर आली की चव हळूहळू फिकी पडू लागते. म्हणून शौकीन मंडळी बाटली कधी उघडली ते लिहून ठेवतात. बहुतेक जण लेबलावर लिहितात. अमेयला लेबल विद्रूप केलेलं खपत नसे. तो तळाच्या खोलगट भागात तारीख कोरायचा. ती पुसली जात नाही, धुतली जात नाही आणि बाटली उलटी केल्याशिवाय दिसत नाही.

बैठक आटोपली होती, पाहुणे गेले होते, मनस्विनी आतल्या खोलीत आडवी झाली होती. पुंडलिकनगरातल्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत तो कोरणी घेऊन बसला होता. नव्या बाटलीवर आजची तारीख घालायची, तेवढंच काम उरलं होतं.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अर्थ एकच निघत होता. ही त्याचीच जुनी रिकामी बाटली होती. कुणीतरी ती उचलली, धुतली, आत काहीतरी भरलं, नवं बूच आणि वरचं आवरण चढवलं आणि 'ड्यूटी फ्री'चा माल म्हणून त्यालाच परत विकली. धुणाऱ्यानं तळ पाहिला नव्हता. आत काय भरलं होतं हे आता विचारायलाही कुणी समोर नव्हतं. सकाळी ते चार जणांच्या तोंडात गेलं होतं. तिघांनी गिळलं होतं.

चौघांच्या या बैठकीला नाव नव्हतं. शिवराज तिला 'सत्संग' म्हणायचा. महिन्यातून एका रविवारी, सकाळी अकराला. सकाळी जिभेवर चटणी-ठेच्याचा थर नसतो, म्हणून अमेयनं ही वेळ ठरवली होती. सोबत खायला बिनमिठाचे चुरमुरे आणि साधं पाणी, दुसरं काही नाही.

"सकाळी अकराला दारू अन् संगं चुरमुरे," शिवराज दर वेळी म्हणायचा. "आमच्या लासूरला कुणी पाहिलं तर ठरलेली सोयरीक मोडंल."

शिवराज हा अमेयचा कारखान्यातला जुना सहकारी, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतो. घर लासूर स्टेशनला, शेती तिथंच. त्याची चुलत बहीण सोनिया भूलतज्ज्ञ आहे, शहरातल्या एका खासगी रुग्णालयात. ती या बैठकीत चव घेऊन शेजारच्या स्टीलच्या गडूत थुंकून टाकायची, कारण बहुतेक रविवारी तिची संध्याकाळची ड्यूटी असे. आणि चौथे अनंतराव, अमेयचे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम पैठण. वयाच्या पासष्टीपर्यंत त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. तीन वर्षांपूर्वी जावयाच्या घरी एकदा नुसता वास घ्यायला म्हणून ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. तेव्हापासून ते दर बैठकीला एसटीनं यायचे. मनस्विनीला ठाऊक होतं. सासूबाईंना, म्हणजे पद्मजाबाईंना, नव्हतं. त्यांना दर महिन्याला काहीतरी कारण सांगावं लागे. या वेळी मोतीबिंदूच्या मोफत तपासणी शिबिराचं सांगितलं होतं.

आज चार बाटल्या होत्या. सगळ्यांसमोर सील फोडून झाल्यावर त्या चार लोकरी मोज्यांत घालून, वर आकडे लावून मांडायचं काम मनस्विनीचं. म्हणजे अमेयलाही कुठल्या मोज्यात काय ते कळत नसे. पहिली हलकी निघाली, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेली, पिकल्या केळ्याचा नि व्हॅनिलाचा वास असलेली. दुसरी स्कॉटलंडच्या बेटावरची, धुरकट. पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती जाळून त्या धुरावर जव वाळवतात, त्याचा तो वास.

"दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," अनंतराव म्हणाले होते.

"चुलीवर भाकर करपली अन् कुणी आयोडीन टाकून विझवली," हे शिवराजचं मत.

चौथी गोव्याकडची होती. आपल्या उकाड्यात पिंपातली दारू लवकर मुरते, तीन-चार वर्षांत तिकडच्या बारा वर्षांचं काम होतं, असं अमेयनं सांगितलं. पण तिच्याकडे तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या मोज्यानं सगळ्यांना धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या ग्लासचा वास घेऊन अमेयनं डोळे मिटले होते. "शेरीचं पिंप," तो म्हणाला. "आधी स्पॅनिश वाइन मुरलेलं. खजूर, काळ्या मनुका. शेवटी अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा. अठरा वर्षांच्या खाली नाही." मोजा काढला तर तीच, अठरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी त्यानं प्यायली होती ती. शिवराजनं टाळी दिली. अनंतराव जावयाकडे कौतुकानं पाहत राहिले, म्हणाले, "अमेयराव, नाकाला तुमच्या सोन्याची नथ घालायला हवी." आणि ग्लास पुढे केला. "ही आणखी थोडी. कालव्याला पहिलं पाणी सोडल्यावर तापलेल्या मातीचा वास येतो ना, तो आहे हिच्यात."

अमेयनंच ओतली. इतरांना दिली त्याच्या दुप्पट.

आता गॅलरीत बसून त्याला ते ओतणं दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हॉट्सॲपवर सासऱ्यांचा निरोप होता : 'बस मिळाली. खिडकी मिळाली. उत्तम बैठक.'

इथं अमेयनं फोन उचलून अनंतरावांना लावायला हवा होता. तो त्यानं लावला नाही. लावून सांगायचं काय? बाबा, मी जिचं गुणगान केलं ती बनावट होती? अशा भरलेल्या बाटल्यांत बहुतेक वेळा स्वस्तातली व्हिस्कीच असते. नुकसान होतं ते फक्त अब्रूचं, हे त्याला माहीत होतं. कधीकधी दुसरंच असतं, मिथाईल अल्कोहोल, आणि मग वर्तमानपत्रात आकडे येतात आणि वाचलेल्यांची दृष्टी जाते, हेही माहीत होतं. आधी खात्री करावी, मग फोन करावा, असं त्यानं ठरवलं. कारखान्यात तो हेच करायचा. शंका आली की आधी पास झालेला नमुना मागवायचा आणि शेजारी ठेवून पाहायचा.

नमुना त्याच्याकडे होता. चांगल्या बाटलीतली थोडी व्हिस्की तो होमिओपॅथीच्या दुकानातून आणलेल्या छोट्या शिशीत काढून ठेवायचा. दोन वर्षांपूर्वीची ती शिशी कपाटात मिळाली. त्यानं दोन ट्युलिपच्या आकाराचे ग्लास घेतले. डाव्यात शिशीतली, उजव्यात बाटलीतली. उजेडात धरून पाहिलं, रंग सारखाच. ड्रॉपरनं दोन्हींत एकेक थेंब पाणी सोडलं. पाण्यानं खरा माल उमलतो, दडलेले वास वर येतात. त्यानं डावा ग्लास हुंगला, मग उजवा, मग मनगटाचा वास घेऊन नाक साफ केलं आणि पुन्हा डावा.

उजवीकडे खजूर होता. डावीकडेही होता. उजवीकडचा जरा जास्त गोड, मिठाईच्या दुकानातल्या इसेन्ससारखा. असं एकदा वाटलं, पुढच्या खेपेला वाटलं नाही. डावीकडची शिशीत दोन वर्षं पडून होती, तिच्यावर तरी किती भरवसा ठेवायचा? त्यानं ग्लास अदलाबदल केले, डोळे मिटून फिरवले, पुन्हा हुंगले. कितीतरी वेळ तो हे करत राहिला. आणि खरी गोष्ट अशी की कुठला ग्लास कशाचा, हे त्याला सांगता येईना. सांगता आलं असतं तरी उपयोग नव्हता. मिथाईल अल्कोहोल नाकाला कळत नाही. हे त्याला पहिल्या ग्लासच्या आधीच ठाऊक होतं.

"अजून पितोयस?" मनस्विनी दारात उभी होती. उशीच्या सुरकुत्या गालावर होत्या.

"पीत नाहीये. मनू, माझ्या रिकाम्या बाटल्या कुठं आहेत? माळ्यावरच्या."

"आत्ता काय त्यांचं? दिवाळीच्या आधी सफाई काढली तेव्हा भंगारवाल्याला दिल्या. तूच म्हणालास, काढ एकदाच्या."

"फोडून दे म्हणालो होतो."

"फोडून?" ती हसली. "एवढ्या सुंदर बाटल्या, बूच-बीच लावून तू जपून ठेवलेल्या, त्या मी मुसळ घेऊन फोडत बसू? तो तर खूश झाला. खोक्यासकट घेऊन गेला. म्हणाला, ताई, असल्या आणखी असल्या तर मलाच हाक मारा."

अमेयनं बाटली तिच्यापुढे तिरकी धरली. तिला तळ वाचायला क्षणभर लागला. मग तिनं चेहरा वर केला.

"बाबा?"

तिनं तिथंच फोन लावला. 'ज्यांच्याशी आपण संपर्क साधू इच्छिता...' रेकॉर्डवरची बाई सांगू लागली. पुन्हा लावला. तेच. पैठणकडे जाणाऱ्या बसमध्ये अनंतराव फोन बंद करतात, कारण पद्मजाबाई मधेच फोन करतात आणि शेजारचे आवाज ऐकून प्रश्न विचारतात. हे दोघांनाही माहीत होतं.

"शेवटचं कधी बोललास त्यांच्याशी?"

"मेसेज आला होता. बस मिळाली म्हणून."

"कधी?"

अमेयनं स्क्रीन पुढे केली. तिनं वेळ पाहिली, मग टेबलावरचे दोन ग्लास पाहिले, मग त्याच्याकडे.

"हा मेसेज आला तेव्हा तुला माहीत होतं?"

"खात्री नव्हती."

"मी खात्रीचं नाही विचारलं."

 तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर त्या संध्याकाळी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

त्यानं शिवराजला फोन लावला. शिवराज लासूरला पोचला होता. मागं म्हशीचा आणि कुणीतरी हाकारल्याचा आवाज येत होता.

"बोला नाकसाहेब!"

"शिवराज, तुला कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीय? का रं?"

अमेयनं सांगितलं. पलीकडे म्हैस हंबरली.

"मस्करी करू नको," शिवराज म्हणाला.

"तळ वाचून दाखवू का?"

"आयला." मग आवाज चढवून, "अन् तू म्हणला खजूर! काळ्या मनुका! अम्या, भाड्या, अक्रोडाचं सालटं पण सापडलं तुला!"

"ते सोड. निघताना मी तुला शिशीत काढून दिली होती. तात्यासाहेबांसाठी. दिलीस का?"

पलीकडून शिवराजच्या पायांचा आवाज आला, फरशीवर पळत गेल्याचा. "तात्या! ओ तात्या! ती शिशी कुठंय?" लांबून त्याच्या म्हाताऱ्या वडिलांचा सावकाश आवाज : "देवळीत हाय. दिवाबत्ती होऊ दे की, काय घाई?" शिवराज परत आला तेव्हा धापा टाकत होता. "हाय. भरलेली हाय. फेकून देतो मोरीत."

"फेकू नको. थांब, मी सोनियाला लाइनवर घेतो."

सोनिया ड्यूटीवर होती. तिनं मधे एकदाही 'बापरे' म्हटलं नाही. किती वाजता, कुणी किती, रिकाम्या पोटी की जेवून, एवढंच विचारलं. मग म्हणाली, "अमेयदादा, नीट ऐका. तुम्हा कुणाला आत्ता काही होत नसेल तर ती चांगली बातमी नाही आणि वाईटही नाही. मिथाईल असलं तर लक्षणं बारा तासांनी येतात, कधी चोवीस. आणि तुम्ही त्याबरोबर तीन खऱ्या व्हिस्की घेतल्यात. शरीर आधी चांगली दारू पचवतं, तोवर विषाला हात लावत नाही. त्यामुळं आणखी उशीर."

"म्हंजी वाचवलं का मारलं चांगल्या दारूनं?" शिवराजनं विचारलं.

"वेळ दिला. त्या वेळात इथं या. उतारा म्हणूनही अल्कोहोलच देतात, सलाइनमधून."

"मग तीन बाटल्या उरल्यात की अम्याकडं. औषधच झालं."

"शिवादादा, मस्करी पुरे. गाडी स्वतः चालवू नकोस. तात्यांनी एक थेंबही घेतला नाही ना? ती शिशी घेऊन ये. अमेयदादा, तुम्ही बाटली आणा, बूच लावून. अनंतकाकांना सगळ्यात आधी आणा. त्यांनी जास्त घेतलीय."

"त्यांचा फोन बंद आहे. बसमध्ये आहेत."

"मग घरी सांगून ठेवा. उतरले की आत पाऊलही न टाकता गाडीत बसवा."

घरी सांगायचं म्हणजे पद्मजाबाईंना सांगायचं.

त्याआधी शिवराजनं सांडूला लावला. सांडू हा मुकुंदवाडीकडचा माणूस, परदेशी मालाची ओळख असलेला. ही बाटली त्याच्याचकडून घेतलेली होती. अमेयची त्याच्याशी गाठ शिवराजनंच घालून दिली होती. अमेयलाही त्यानं लाइनवर घेतलं.

"सांडूभाऊ, ती शेरीवाली बाटली कुठून आणली?"

"ड्यूटी फ्री, मालक. काय झालं? आवडली नाय?"

"खरं बोल. माणसं दवाखान्यात चाललीत."

"माणसं? कोण माणसं?" सांडूचा आवाज बारीक झाला. "मला बी एकानं दिली साहेब. मी पीत नाय, मी माळकरी माणूस. माल कसाय ते मला काय कळणार? बाटली तर ओरिजनल होती ना? तुम्ही सवता पाहून घेतली ना साहेब?"

"एकानं म्हणजे कुणी?"

"विचारून सांगतो," सांडू म्हणाला आणि फोन कापला. नंतर त्याचाही फोन बंद लागू लागला.

पद्मजाबाईंना फोन मनस्विनीनं केला. अमेयनं हात पुढे केला होता; तिनं तो बाजूला सारला. पण दोन वाक्यांनंतर तिचा आवाज फुटला आणि तिनं फोन त्याच्याकडे दिला.

"अमेयराव, ही काय म्हणतेय मला कळत नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "कसलं विष? हे डोळ्यांच्या शिबिराला गेलेत."

"आई, बाबा आमच्याकडे आले होते. सकाळी. आम्ही व्हिस्की घेतली."

 "ह्यांनी?"

"हो."

"आज पहिल्यांदा?"

खोटं बोलायला वाव होता. अमेयनं मनस्विनीकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि मग अमेयला अपेक्षा नव्हती असं काहीतरी झालं. त्यांचा आवाज कोरडा आणि व्यवहारी झाला. "त्याचं नंतर बघू. आता काय करायचं ते सांगा."

त्यानं सांगितलं. शेजारचे धोंडिबा गाडी काढतील, त्या म्हणाल्या. त्या स्वतः पैठणच्या स्टँडवर जाऊन थांबणार होत्या. अमेयनं बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळली, न जाणो त्यांतही काही निघालं तर म्हणून बाकीच्या तिन्ही एका पिशवीत भरल्या, आणि दोघं रिक्षानं रुग्णालयाकडे निघाले. वाटेत मनस्विनी दर सिग्नलला वडिलांचा फोन लावत होती. अमेय दुकानांच्या पाट्या वाचत होता. गजानन मंदिराजवळच्या एका पाटीवरची बारीक अक्षरं त्याला वाचता आली, पुढच्या पाटीवरची आली नाहीत. चष्मा काढून पुसला. पाटी मागं पडली होती.

पैठणहून फोन आला तेव्हा रुग्णालयात अमेयचं रक्त घेऊन झालं होतं. फोनवर अनंतराव होते, गाडीतून. आवाज नेहमीसारखा होता, थोडा ओशाळलेला.

"अहो अमेयराव, काय हा गोंधळ? ही स्टँडवर उभी! मला वाटलं कुणी गेलं की काय."

"बाबा, कसं वाटतंय? पोट, डोकं?"

"ठणठणीत. डोकं जरा जड आहे, बसचा प्रवास. डोळ्यांना थोडं धुरकट दिसतंय, एवढंच."

अमेयच्या शेजारी सोनिया उभी होती. तिनं फोन स्पीकरवर घ्यायची खूण केली. "काका, मी सोनिया. धुरकट कधीपासून?"

"अगं, ते शिबिराचं. मी खरंच गेलो होतो." अनंतरावांनी आवाज खाली आणला, पण शेजारीच बसलेल्या पद्मजाबाईंना तो ऐकू येतच असणार. "म्हटलं, घरी कुणी विचारलं तर निदान चिठ्ठी असावी. चार वेलदोडे चावून रांगेत बसलो. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या करायचे. तेव्हापासून सगळं पसरल्यासारखं दिसतंय. उतरेल म्हणाले संध्याकाळपर्यंत."

सोनियानं डोळे मिटून घेतले. फोन ठेवल्यावर तिनं काय ते सांगितलं. मिथाईलनं दृष्टी धुरकट होते. थेंबांनीही होते. मिथाईलनं बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेडाला आक्रसत नाहीत. थेंबांनीही तेच. "बॅटरी मारून मला जे पाहायचं असतं, ते त्या थेंबांनी झाकून टाकलंय," ती म्हणाली. "कुठले थेंब होते तेवढं कळलं तर अंदाज येईल. काही चार-सहा तासांत उतरतात, काही दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात."

मनस्विनी शिबिराचा नंबर शोधायच्या मागे लागली. शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. फोन उचलला तो कार्यालयाच्या रखवालदारानं; डॉक्टर लोक चारलाच गेले, आता इथं साखरपुडा आहे, असं तो म्हणाला. मागं बँड वाजत होता. त्यानं चिठ्ठीवरचं औषधाचं नाव वाचायला सांगितलं. चिठ्ठी अनंतरावांच्या खिशात होती, ती पद्मजाबाईंनी गाडीतल्या दिव्यात वाचून पाहिली. तिच्यावर चष्म्याचा नंबर होता आणि 'मोतीबिंदू, डावा, सुरुवात' असं लिहिलं होतं. थेंबांचं नाव नव्हतं.

शिवराज पुतण्याला गाडी चालवायला लावून आला, खिशात शिशी. त्याचं रक्त काढताना तो नर्सला म्हणाला, "ताई, जरा हुंगून पाहा, मनुका लागतात का." कुणी हसलं नाही. मग तो अमेयजवळच्या बाकावर बसला.

"माझ्या डोळ्यापुढं मगाशी चमकल्यागत झालं," तो हळूच म्हणाला. "घाबरून झालं का खरंच, काय कळंना. तुला?"

"मलाही पाटी वाचता आली नाही एक."

"सांगितलं का सोनीला?"

"सांगितलं."

"काय म्हणली?"

"लिहून घेतलं."

शिवराजनं दंडावरचा कापूस काढून डब्यात टाकला. "सांडूला मीच आणला तुझ्याकडं," तो म्हणाला.

"आणि ओतली मी," अमेय म्हणाला.

साडेसातला दोघांच्या रक्ताचा पहिला अहवाल आला. मिथाईल पचू लागलं की रक्तातली आम्लता वाढते; ती हाताबाहेर गेलेली नव्हती. सोनियानं कागद दाखवला आणि लगेच काढून घेतला. "हा आत्ताचा आहे," ती म्हणाली. "यावरून पहाटेचं सांगता येत नाही." मिथाईल थेट मोजायची सोय त्या रुग्णालयात नव्हती. चारही बाटल्या आणि शिशी मोहोरबंद करून पोलिसांच्या ताब्यात दिल्या गेल्या. हवालदारानं अमेयचं नाव, पत्ता आणि 'बाटली आपलीच होती हे कसे ओळखले' याचा जबाब घेतला. तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होणार होती आणि उद्या दुपारच्या आत काही कळेल असं कुणी म्हणत नव्हतं.

धोंडिबांची गाडी आठच्या पुढे आली. अनंतराव स्वतःच्या पायांनी उतरले, पण फाटकाच्या पायरीवर पद्मजाबाईंनी त्यांचा दंड धरला होता. अमेय पुढे झाला. पद्मजाबाईंनी अनंतरावांचा दुसरा हात त्याच्या हाती दिला नाही आणि त्याला दूरही केलं नाही.

"एवढे सगळे माझ्यासाठी?" अनंतराव म्हणाले. ते अमेयच्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे पाहत होते. "अमेयराव, ती चौथी बाटली राहिलीच नीट बघायची. गोव्याची."

"बाबा, बोलू नका."

सोनियानं त्यांना आत घेतलं, रक्त काढलं, बॅटरीनं दोन्ही डोळे पाहिले. बाहुल्या मोठ्या होत्या आणि उजेडाला हलत नव्हत्या. तिनं अहवालाची वाट न पाहता सलाइनमधून उतारा सुरू केला. मोठ्या डॉक्टरांना फोन झाला. ते घरून निघाले होते. डायलिसिसचं यंत्र तयार ठेवायला सांगितलं होतं, लागलं तर.

साडेआठला तिनं अनंतरावांना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतंय का, असं विचारलं. मनस्विनी पायथ्याशी उभी होती, पद्मजाबाई उशाशी, अमेय दाराला टेकून.

"दिसतंय," अनंतराव म्हणाले. थोडा वेळ त्यांनी डोळे बारीक केले. "वर्तुळ दिसतंय. काटे दिसत नाहीत."

सोनियानं ते केसपेपरवर लिहिलं आणि पुन्हा नऊ वाजता विचारायचं ठरवलं.